आदिवासी ड्रेस, वीस नग

ड्रेपरीच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहून द्या, असं संपादक फोनवर म्हणाले. मी म्हटलं, देतो, पण त्यात माझी एक तक्रार असेल आणि ती कापायची नाही. ते जरा घुटमळले, मग हो म्हणाले. मी आधी भाव ठरवतो आणि मग माल काढतो. पस्तीस वर्षांची सवय आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे, नाचाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. सोबत मिशा, टोप, तलवारी, खोटे दागिने आणि मेकअप. अमरावतीत माझं दोन खोल्यांचं दुकान आहे. वर्षातले दहा महिने मी आणि माझे शिंपी सुखदेवभाऊ एकमेकांशी भांडत बसतो, आणि डिसेंबर-जानेवारीत आम्हाला जेवायला वेळ नसतो, कारण तेव्हा शाळांची गॅदरिंगं असतात. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या आहेत. प्रत्येकीवर रंगानं नाव घातलेलं: मावळे, कोळी, पोलीस, परी, शेतकरी, आदिवासी.

या धंद्याचा नियम एकच. चष्मा घरी विसरून मागच्या बाकावर बसलेल्या आजोबांनाही पोरगं कोण झालं आहे ते ओळखू आलं पाहिजे.

एकदा वलगावकडचे एक गृहस्थ आले. पॅन्ट-शर्ट, पायात बूट, मोटारसायकलीला फवारणीचा पंप बांधलेला.

"भाऊ, शेतकऱ्याचा ड्रेस आहे का? पोरीले गॅदरिंगमंदी शेतकरी व्हाचं आहे."

"तुमी काय करता?"

"शेतीच करतो ना."

मी धोतर, बंडी आणि लाल पागोटं काढून दिलं. त्यांनी पागोटं हातात फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, "हे बांधाचं कसं?" मी शिकवलं. ते दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा आरशात पाहून खूश झाले. हा किस्सा सांगून मी लोकांना पुष्कळ हसवलं आहे. त्यात हसण्यापलीकडे काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता तक्रार.

अमरावतीत एक मोठी इंग्रजी शाळा आहे. अकरा वर्षं तिचं गॅदरिंग माझ्याकडे होतं. या जूनमध्ये मोबाइलवर निरोप आला की आम्ही यापुढे कोणत्याही समाजाचा अपमान होईल अशी वेशभूषा वापरणार नाही, तेव्हा आपल्याकडून आता काहीच घेणार नाही. काहीच म्हणजे पऱ्यांचे पंखसुद्धा नाही. पऱ्यांचा कोणता समाज दुखावला? याच शाळेच्या बाई तीन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "भाऊ, हे आदिवासी फारच सभ्य दिसतात. थोडे अजून जंगली करा ना. पिसं वाढवा, रंग अजून काळा घ्या." मी पिसं वाढवली. रंग काळा घेतला. आज त्या स्वच्छ, आणि मी अपमान करणारा.

दुसरं, एका शिकल्यासवरल्या तरुणानं मोबाइलवर एका नाचाचा व्हिडिओ टाकून त्याखाली माझ्याविषयी लांबलचक मजकूर लिहिला. म्हणे मी दुसऱ्याची संस्कृती चोरून विकतो, आणि म्हणे मी खोटे कपडे दाखवून त्यांची बदनामी करतो. मी तो मजकूर चार वेळा वाचला. माझं म्हणणं एवढंच आहे की दोनपैकी एक काहीतरी ठरवा. खोटं असेल तर ते त्यांचं नाही, मग चोरलं काय? आणि चोरलं असेल तर ते खरं, मग बदनामी कशी? हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारला. कुणी नीट उत्तर दिलं नाही. एका बाईंनी दिलं, ते पुढे येईल, पण त्यांनी दिलं म्हणजे माझा घोळ मिटला असं समजू नका.

तो ड्रेस मीच केलेला आहे. दहावी नापास झाल्यावर मी अकोल्याला एका ड्रेपरीत इस्त्रीवाला म्हणून लागलो. मालकाकडे एका शाळेची ऑर्डर आली, आदिवासी नाच, पंधरा पोरं. दुकानात तसलं काही नव्हतं. मालक म्हणाले, "कर काहीतरी." मी तुरीची रिकामी पोती कापून घागरे केले, हिरव्या कागदाची पानं शिवली, कोंबडीची पिसं रंगवून डोक्याच्या पट्ट्याला लावली, झाडूच्या दांड्यांना पत्र्याची पाती ठोकून भाले केले, आणि अंगाला लावायला काळा रंग कालवला. शाळा खूश झाली. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला इस्त्रीवरून काढून कापायच्या टेबलावर बसवलं. माझं आयुष्य त्या पोत्यांनी वर काढलं आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. आज अकोला, वाशिम, यवतमाळ, कुठल्याही ड्रेपरीत जा आणि आदिवासीची पेटी उघडा. नमुना माझा निघेल.

पण तो नमुना मी आणला कुठून, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही मला विचारलं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. घरची थोडी काळी जमीन. हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला, दर वर्षी मेळघाटातून कोरकू आदिवासी मजूर खाली उतरायचे. सोमा नावाचा माणूस बायकोपोरांसह आमच्याच शेतात यायचा. मी पहिलीत होतो तेव्हापासून आठवीपर्यंत आला. पांढरा सदरा, धोतर, डोक्याला दुपट्टा. माझ्या बापाच्या अंगावर हेच कपडे. फरक इतकाच की बाप कपबशीत चहा पीत असे, आणि सोमाच्या घरच्यांचे कान तुटलेले कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असत. त्यांना चहा नेऊन द्यायचं काम माझं. "वरतून वत. हात लावजो नोको," असं मोठी आई बजावायची. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. ती आणखी पुष्कळ सांगायची. हे लोक करणी करतात, जंगलात पिसं लावून नाचतात, एकटं पोरगं सापडलं की उचलून नेतात. मोठी आई उभ्या जन्मात परतवाड्याच्या पुढे, मेळघाटात, गेली नव्हती.

आम्ही पोरं दुपारी तव्याची काजळी तोंडाला फासायचो, कमरेला कडुनिंबाचे डहाळे बांधायचो आणि 'जंगली जंगली' खेळायचो. सोमा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून आमच्याकडे पाहायचा आणि हसायचा. आम्ही कोण झालो आहोत हे त्याला कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

अकोल्याला मालक "कर काहीतरी" म्हणाले, तेव्हा आठ वर्षं डोळ्यांपुढे पाहिलेला सोमा मला आठवला नाही. काजळी आठवली.

सुखदेवभाऊंबद्दलही सांगितलं पाहिजे. ते बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. बौद्ध आहेत, पुस्तकं वाचतात, आणि माझ्या तोंडावर मला बोलणारा हा एकच माणूस दुकानात टिकला. एका शाळेचं नाटक होतं, त्यात दलित मुलाचं काम होतं. ऑर्डर होती फाटक्या सदऱ्याची. सुखदेवभाऊंनी चांगला, कडक कॉलरचा सदरा शिवून ठेवला.

मी म्हटलं, "हे काय? फाटका पायजे होता."

"माहा बाप हेडमास्तर होता. कोट घालून शाळेत जाय," ते म्हणाले. "फाटकं तुमीच फाडा. मी नाई फाडत."

मी फाडला. कैची घेऊन, त्यांच्यासमोर. गिऱ्हाइकाला फाटका हवा होता आणि मला काम उरकायचं होतं. सुखदेवभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस चिडका आहे.

आता मूळ गोष्ट. पाच वर्षांपासून अमरावतीत शाळांच्या समूहनृत्याची स्पर्धा होते. तिथं पहिला येणारा संघ जानेवारीत अकोल्याला अंतिम फेरीला जातो. वेशभूषेला दहा गुण, आणि ते देणारा परीक्षक मी. अर्ध्या शाळांना कपडे मीच देत होतो आणि गुणही मीच. कुणी हरकत घेतली नाही. ज्यांनी घेतली असती, त्यांनाही पुढच्या आठवड्यात मावळे लागणारच होते.

दोन वर्षांपूर्वी त्या स्पर्धेत मेळघाटातल्या, धारणीकडच्या एका आश्रमशाळेच्या मुली आल्या. कागदावर लिहिलेलं, 'आदिवासी नृत्य'. मी वर पाहिलं तर वीस मुली लुगडी नेसून, हातात हात गुंफून, एका रांगेत उभ्या. पिसं नाहीत, पानं नाहीत, भाला नाही. मी दहापैकी चार गुण दिले आणि पुढे शेरा लिहिला, 'वेशभूषेत अस्सलपणा नाही.' त्या थोडक्यात हुकल्या. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

मागच्या डिसेंबरात एक बाई दुकानात आल्या. सुती साडी, खांद्याला पर्स, हातात फाईल. म्हणाल्या, "आदिवासी ड्रेस पायजेत. वीस. मेकअपसकट."

मी पेटी उघडली. त्यांनी एक घागरा दोन बोटांनी उचलून उजेडात धरला.

"हे कोण घालते, भाऊ?"

"आदिवासी घालतात. जंगलातले."

"कोणत्या जंगलातले?"

मला असली गिऱ्हाइकं चालत नाहीत. मी म्हटलं, "मॅडम, तुमाले ड्रेस न्याचा आहे का पीएचडी कराची आहे?"

सुखदेवभाऊंची मशीन थांबली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कास्देकर. आश्रमशाळेत शिकवतो. कोरकू आहो. आमच्याकडं असं काही घालून बाहीर निघालं तं बकऱ्या मागं लागतीन."

सुखदेवभाऊ हसले. मला राग आला. "मग नेता कावून?"

त्यांनी फाईलीतून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. वेशभूषा, दहापैकी चार. अस्सलपणा नाही. खाली सही.

"तुमचीच आहे ना?"

माझीच होती. चूक कळली की माणूस मऊ होतो असं म्हणतात. माझं तसं नाही, मी आणखी तापतो. मी ओरडलो, "मग तवाच येऊन सांगाचं होतं!"

"तवा तुमी टेबलाच्या तिकडं होता. अन् इकडं वीस पोरी रडत होत्या. त्याईले पाहू का तुमाले शिकवू?"

"अन् आता माझ्याच दुकानात आल्या?"

"दुसऱ्या दुकानातला ड्रेस तुमाले कसा पटन? मार्क तुमच्या हातात, ड्रेस तुमच्या पेटीत. पोरीईले अकोल्याले जाचं आहे, भाऊ. नववीनंतर आमच्याकडं नाच बंद करतो, अभ्यास राहते. बाराएक जणी यंदा नववीत आहेत. त्याईले मी काय सांगू, खरं घातलं तं चारच भेटतात म्हणून?"

मी म्हटलं, अर्ध्या भाड्यात न्या. त्या म्हणाल्या, "कावून? कापड फाटलं आहे का?" मी नाही म्हटलं. "मग पुरं घ्या." पस्तीस वर्षांत भाव वर नेऊन घासाघीस करणारं हे एकच गिऱ्हाईक मला भेटलं, आणि मी त्यात हरलो.

पण मी तसा सोडणारा नाही. त्या निघताना मी म्हटलं, "एक सांगा, मॅडम. हा ड्रेस तुमच्या लोकाईचा नाईच. पोत्याचा आहे, मी बनवला, अकोल्याले. मग यात मी तुमचं काय घेतलं?"

त्यांनी पेटीच्या झाकणाकडे पाहिलं. "तुमी बनवला तं पेटीवर तुमचं नाव लिवा ना. आमचं कावून लिवलं?"

हेच ते उत्तर. त्यानंतर दिवसभर मी सुखदेवभाऊंवर चिडत राहिलो.

स्पर्धेच्या दिवशी मेकअपला मी स्वतः गेलो. पडद्यामागच्या खोलीत मुली रांगेत बसल्या होत्या. काळ्या रंगाचा डबा आणि स्पंज घेऊन मी एका टोकाकडून सुरुवात केली. हात, तोंड, मान, पुढची. माझा हात असल्या कामात यंत्रासारखा चालतो. रांगेतली सातवी की आठवी मुलगी होती, फुलवंती नावाची. तिनं माझं मनगट धरलं.

"मले कावून लावता, काका? मी तं आहोच ना."

मी काय म्हणालो ते लिहितो, कारण तक्रार लिहायची तर हेही लिहायला पाहिजे. मी म्हणालो, "मेकअपसकट ठरलं आहे. मी ठरल्यापेक्षा कमी देत नाई."

तिनं हात सोडला आणि डोळे घट्ट मिटले. दवाखान्यात सुई टोचताना पोरं मिटतात, तसे. मी रंग लावला. कास्देकर मॅडम भिंतीकडे तोंड करून पंख्याचं बटण चालू-बंद करत होत्या. पंखा बिघडलेला होता.

मग मी जाऊन परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. मुली माझी पोती नेसून, माझे भाले घेऊन आल्या आणि नाचल्या. सभागृहात शिट्ट्या पडल्या. माझ्यापुढे कागद होता, आणि त्यावर वेशभूषेचा रकाना. पाच वर्षांत त्या रकान्यापाशी माझा हात कधी थांबला नव्हता. खरे गुण द्यायचे तर शून्य. पण शून्य दिलं तर या मुली दुसऱ्यांदा हरणार, तेही मी सांगितलं तसंच वागून. दहा दिले तर आदल्या वर्षीचे चार बरोबर होते असं मीच पुन्हा लिहून देणार. शेजारच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "काय हो, अडलं का काही?" मी दहा दिले.

त्या पहिल्या आल्या. मुलींनी इतका कल्ला केला की पाहुण्यांचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही. नंतर नळावर तोंडं धुताना त्या एकमेकींवर काळं पाणी उडवत होत्या. मोबाइलवर फिरला तो याच नाचाचा व्हिडिओ. त्यात भाल्यांवर माझ्या दुकानाचं नाव स्पष्ट दिसतं. ते मी जाहिरातीसाठी घातलं होतं.

आठ दिवसांनी कास्देकर मॅडमचा फोन आला. "अकोल्याले तुमचे ड्रेस नको. पोरी लुगडेच नेसणार."

"मॅडम, येडेपणा करू नका. हातात आलेलं जाईन."

"पोरीईनंच ठरवलं. तिथं परीक्षक कोण आहे?"

विचारून पाहिलं तर गजानन निघाला. माझ्या जुन्या मालकांचा मुलगा. कापडावर खडू धरायला मी त्याला शिकवलं. त्याच्या पेटीतला आदिवासी माझाच आहे. मी त्याला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अस्सल दिसलं तं देतो ना, भाऊ. माह्या काय बापाचं जाते?"

म्हणून मी अकोल्याला गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, भाडं नव्हतं, खुर्ची नव्हती. संघाला वेशभूषेची माहिती पाच ओळींत लिहून परीक्षकांना द्यायची होती. मॅडम मुलींना रांगेत लावत होत्या, तेव्हा तो कागद माझ्याकडे आला. मी फुलवंतीजवळ बसलो. ती माझ्यापासून जरा सरकून बसली.

"हे लुगडं कुठलं?"

"मायचं."

"याले नाव काय तुमच्यात?"

"लुगडंच."

"गळ्यातलं?"

"आजीचं आहे. वापस द्याचं आहे."

"अन् हे केसातलं?"

"क्लिप."

विकायला काहीतरी हातात लागलं पाहिजे ना! मी म्हटलं, "अवो बाई, काहीतरी जुनं सांग. पूर्वीपासूनचं. जंगलातलं."

तिनं खूप विचार केला. "आजीच आहे जुनी," ती म्हणाली.

मी लिहिलं: आईची लुगडी. आजीचे दागिने. धारणीच्या बाजारातल्या क्लिपा. पाच ओळी भरल्या नाहीत. मी माल वाढवून सांगण्यात कधी मागे हटलो नाही, पण तिथं वाढवायला मला काही माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षं ज्यांच्या नावाची पेटी उघडतो आहे, त्यांची एक ओळ मला लिहिता येत नव्हती.

मुली नाचल्या. ढोल, बासरी, आणि एका लयीत पुढे-मागे होणारी रांग. नाच कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मी आजवर कुठलाच नाच पाहिलेला नाही. मी कपडे पाहतो.

गजाननानं पाच गुण दिले. त्यांचा नंबर लागला नाही.

मी सरळ टेबलापाशी गेलो. लोक पाहत होते, पाहू दे म्हटलं. "अबे, तुले डोळे आहेत का बटनं आहेत?"

"भाऊ, चिडता कायले?" गजानन म्हणाला. "मागच्या बाकावरून ओळखू आलं पायजे, हे तुमीच शिकवलं. या पोरी तं मले आपल्या खेड्यातल्या बाया वाटल्या. हरभरा सोंगाले चालल्या अशा."

"तशाच आहेत त्या, गध्या! तेच तं सांगून राहिलो!"

"मग आदिवासी काय त्यात?"

तो काही खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर चार दिले असते. दिलेच होते. त्या आपल्या बायांसारख्या दिसतात हे जर खरं, तर मी इतकी वर्षं कशाचं भाडं घेतलं? आणि त्या आपल्या बायांसारख्याच असतील, तर कास्देकर मॅडम 'आमचं नाव' म्हणतात ते कशाचं? दोन्ही बरोबर आहे असं वाटतं. दोन्ही एकत्र बसत नाही. सुखदेवभाऊ म्हणतात बसते, तुमाले बसवाचं नाई म्हणून बसत नाई. ते मी त्यांच्यावर सोडून दिलं आहे.

बाहेर मुली कचोरी खात होत्या. नववीतल्यांचा हा शेवटचा नाच होता, त्यातल्या एकीदोघी पुडी नुसती हातात धरून बसल्या होत्या, बाकीच्यांचं हसणं-खिदळणं चाललं होतं. मी मॅडमना म्हटलं, "माझे ड्रेस नेले असते तं पहिल्या आल्या असत्या."

"हो," त्या म्हणाल्या. "पोरीईले माईत होतं ते."

"मग?"

"मग काही नाई. लुगड्याले मागं तुमी चार दिले, आता यानं पाच दिले. एक तं वाढला." त्या थट्टा करत होत्या की हिशेब सांगत होत्या, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मला कचोरीची पुडी दिली. कागद, द्रोण, सगळ्यांच्या हातात होतं तसंच. मी खाल्ली.

या दिवाळीपर्यंतची हकीकत एवढीच. ती इंग्रजी शाळा यंदा 'जंगल' असा विषय घेऊन गॅदरिंग करते आहे आणि कपडे गजाननकडून आणते आहे. पोत्याचे घागरे, कागदाची पानं. नाव बदललं, एवढंच. तक्रार छापा म्हटलं ती यासाठी. माझ्या पेटीवरचं नाव मी खरवडून काढलं आहे, पण ड्रेस फेकवत नाहीत. मी केलेलं पहिलं काम आहे ते. सध्या पेटीवर काहीच नाही, आणि फोन आला की सुखदेवभाऊ माझ्याकडे पाहतात आणि मी त्यांच्याकडे.

पंधरा दिवसांपूर्वी अमरावतीच्या स्पर्धेवाल्यांचा फोन आला. यंदाही परीक्षक तुम्हीच. मी म्हटलं, वेशभूषेचे दहा गुण काढून टाका, मग येतो.

ते म्हणाले, "गुण काढले तं मग तुमाले कशाले बोलवाचं, भाऊ?"

बरोबर आहे. मी गेलो नाही तर त्या खुर्चीत दुसरा कुणी बसेल आणि लुगड्यांना चार देईल. मी गेलो तर दहा देईन, पण ते दहा लुगड्यांचे असतील की माझ्या जुन्या चाराच्या भरपाईचे, हे मला सांगता येणार नाही. मी विचार करून कळवतो म्हटलं. काल त्यांचा पुन्हा फोन येऊन गेला. संघांची यादी वाचून दाखवली. आश्रमशाळेचं नाव त्यात आहे. फुलवंती यंदा नववीत आहे.